विलिस कॅरिअर : वाऱ्याचं माप घेणारा अभियंता



चरित्र शिकवायचं म्हटलं की आपण संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक घेतो. शास्त्रज्ञ घेतला तर न्यूटन नाहीतर एडिसन. आज मात्र असा माणूस घेऊया, ज्याचं काम मुलं रोज अंगावर अनुभवतात पण तो माणूस होता हेच त्यांना माहीत नसतं. बँकेत, मोबाईलच्या शोरूममध्ये, तुळजापूरच्या एखाद्या लॉजमध्ये छताच्या जाळीतून गार वारा येतो. कधीकधी यंत्रावर कॅरिअर हे नाव छापलेलं असतं. मुलांना ते कंपनीचं नाव वाटतं. कंपनीचं ते आहेच, पण त्याआधी ते एका शेतकऱ्याच्या मुलाचं आडनाव होतं.

विलिस हॅविलंड कॅरिअर याचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला या छोट्या गावी झाला. गाव ईरी सरोवराच्या काठाजवळ, जवळचं मोठं शहर बफेलो. घरी शेती, गुरं. विलिस एकुलता एक. घरात आजी-आजोबा होते, पण बरोबरीचं खेळायला कुणी नाही. आई एलिझाबेथ हिला यंत्रांची आवड होती. घरातलं घड्याळ बिघडलं, शिवणयंत्र अडलं की ती स्वतःच खोलून दुरुस्त करायची. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यातली ही बाई आहे, हे मुलांना मुद्दाम सांगा.

नऊ वर्षांच्या विलिसला अपूर्णांक काही केल्या समजेना. आजही पाचवी-सहावीत आपल्याकडे गाडी इथेच अडते. आईने त्याला तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि सुरीने कापून अर्धी, चतकोर, आठवा हिस्सा असे तुकडे पुढे मांडले. मग तेच तुकडे जोडायला लावले, काढायला लावले. अपूर्णांक म्हणजे कागदावरची आडवी रेघ नसून हातात धरता येणारी वस्तू आहे, हे त्या दिवशी त्याला कळलं. मोठेपणी ते हा प्रसंग आवर्जून सांगत. कुठलाही अवघड प्रश्न आधी तुकड्यांत फोडायचा, ही सवय त्यांना तिथून लागली.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. आपल्याला सफरचंद विकत आणायचीही गरज नाही. भाकरी आहे. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी हे शब्द मुलांच्या घरात आहेत. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे स्वतंत्र शब्द असलेली आपली भाषा, आणि पावकी-निमकी पाठ असलेले आजोबा अजूनही एखाद्या घरात भेटतात. तरी आपण अपूर्णांक फळ्यावरच शिकवतो.

विलिस अकरा वर्षांचा असताना आई गेली. पुढे १८९३ च्या सुमारास अमेरिकेत मोठी मंदी आली आणि शेतीचे हाल झाले. शाळा संपली तरी कॉलेजला पैसा नव्हता. मग त्यांनी गावाकडच्या शाळेत शिकवण्याची नोकरी केली. म्हणजे आपल्याच व्यवसायातला माणूस म्हणायचा! नंतर बफेलोत राहून पुढचं शिक्षण, स्पर्धा परीक्षा देऊन शिष्यवृत्ती आणि १८९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश. शिष्यवृत्तीत फी भागायची, पोट नाही. त्यासाठी लोकांच्या अंगणातलं गवत काप, भट्ट्या पेटव अशी कामं केली. एका मित्राला जोडीला घेऊन विद्यार्थ्यांसाठी सहकारी तत्त्वावर धुलाई केंद्रही चालवलं. १९०१ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले आणि बफेलो फोर्ज या कारखान्यात आठवड्याला १० डॉलर पगारावर रुजू झाले.

हा कारखाना पंखे आणि हीटर बनवायचा. वाफेच्या गरम नळ्यांवरून पंख्याने हवा फुंकायची, की ती गरम हवा लाकूड वाळवायला, कॉफी वाळवायला, इमारती उबदार ठेवायला उपयोगी. तरुण कॅरिअरना काम मिळालं ते अशा यंत्रांचे आराखडे करण्याचं. त्यांनी विचारलं, इतक्या नळ्या, इतका वेग, तर हवा नेमकी किती तापेल? याचं खात्रीचं कोष्टक कुणाकडेच नव्हतं. सगळे अंदाजाने करायचे आणि चुकू नये म्हणून यंत्र गरजेपेक्षा मोठं बसवायचे. खर्च गिऱ्हाइकाचा! कॅरिअरनी मग कामाच्या वेळेनंतर मापं घ्यायला सुरुवात केली. हवेचा वेग बदलायचा, तापमान लिहायचं, पुन्हा वेग बदलायचा, पुन्हा लिहायचं. त्यातून कोष्टकं तयार झाली. कारखान्याच्या लक्षात आलं की हे काम मोलाचं आहे, आणि संशोधनासाठी वेगळी जागाच दिली गेली.

आता १९०२ चा उन्हाळा. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा मोठा छापखाना होता. रंगीत छपाई. एकाच कागदावर एकामागून एक वेगळे रंग छापायचे. अडचण अशी, की दमट दिवशी कागद ओलावा पिऊन किंचित पसरायचा, कोरड्या दिवशी आकसायचा. काल पिवळा छापला, आज लाल छापायला गेलं तर रंग जागेवर बसेना. चित्रातल्या माणसाचा ओठ गालावर! कागद वाया, शाई वाया, मासिकाची तारीख चुकणार. बफेलो फोर्जचे विक्री अधिकारी अर्विन लायल यांनी हा प्रश्न कॅरिअरकडे आणला.

इथे मुलांना थांबवून विचारा, छापखान्याला हवं होतं काय? गारवा? नाही. त्यांना हवा कोरडी, आणि रोज सारखीच कोरडी हवी होती. माणसांच्या सुखासाठी ही खटपट सुरू झालेली नाही, कागदासाठी झाली. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं हमखास हसतात.

कॅरिअरनी आधी एक उपाय करून पाहिला. गोणपाटासारखं कापड कॅल्शियम क्लोराईडच्या दाट द्रावणात भिजवून त्यावरून हवा नेली. हे क्षार ओलावा शोषून घेतं. हवा कोरडी झाली खरी, पण तापली आणि तिच्यात क्षाराचा अंशही आला. छापखान्याला ते चालणार नव्हतं. मग त्यांनी हीटर उलटा वापरायचं ठरवलं. नळ्यांतून वाफेऐवजी थंड पाणी सोडायचं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो आपण रोज बघतो. तो घाम तांब्याचा नसतो, हवेतला ओलावा असतो. थंड नळ्यांवर हवेतलं पाणी असंच जमा होऊन गळून जाईल, आणि पुढे जाईल ती कोरडी हवा.

कल्पना सोपी आहे. अवघड आहे ते माप, आणि कॅरिअरचं खरं कर्तृत्व तिथेच आहे. हवा नळ्यांवरून फार जोरात गेली तर तिला थंड व्हायला वेळच मिळत नाही आणि ओलावा तसाच पुढे जातो. फार हळू गेली तर खोलीला पुरेशी हवा पोचत नाही, आणि नळ्या फार थंड असतील तर त्यावर बर्फ धरतो. म्हणजे नळ्यांचं तापमान आणि हवेचा वेग या दोन गोष्टी एकमेकींशी जुळवायला हव्यात. कोणत्या तापमानाला हवेत किती पाणी मावतं हे त्यांनी अमेरिकेच्या हवामान खात्याच्या कोष्टकांतून घेतलं, त्याला स्वतःच्या मापांची जोड दिली आणि गणित मांडलं. १७ जुलै १९०२ ही त्या आराखड्यावरची तारीख. बऱ्याच ठिकाणी हाच वातानुकूलनाचा जन्मदिवस धरतात.

त्या छापखान्यात नळ्यांचे दोन संच बसले. एकात खोल विहिरीचं थंड पाणी, दुसऱ्याला अमोनियावर चालणाऱ्या यंत्राचा गारवा. आर्द्रता वर्षभर ५५ टक्के ठेवायची, उन्हाळ्यात तापमान सुमारे २७ अंश, हिवाळ्यात २१. दोन्ही संचांची मिळून ताकद किती, तर दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळवण्याइतकी. आज आपण दुकानात एक टनाचा, दीड टनाचा ए.सी. मागतो, तो टन हाच आहे. यंत्राचं वजन नव्हे. २४ तासांत अमेरिकी एक टन, म्हणजे २,००० पौंड बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. भागाकार मुलांना करू द्या. ५४ टन येतात.

थोडं प्रामाणिकपणे सांगायला हवं. पहिला कोण, हा वाद आहे. फ्लोरिडातले डॉक्टर जॉन गोरी यांनी कॅरिअरच्या जन्माआधीच रुग्णांसाठी बर्फ बनवणारं यंत्र केलं होतं. अल्फ्रेड वुल्फ यांनी त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची इमारत थंड केली. एअर कंडिशनिंग हा शब्दसुद्धा कॅरिअरचा नाही, तो १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने वापरात आणला. पहिलेपणा थोडा बाजूला ठेवला तरी कॅरिअरचं मोठेपण कमी होत नाही, असं मला वाटतं. इतरांनी हवा थंड केली. कॅरिअरनी किती हवा, किती वेगाने, किती ओलावा घेऊन, याचं उत्तर आकड्यात दिलं, आणि ते आकडे दुसऱ्या कुणालाही वापरता येतील असे मांडले.

त्याच वर्षाच्या अखेरीस एका संध्याकाळी ते पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर उभे होते. दाट धुकं पडलेलं. गाडीची वाट बघता बघता विचार सुरू झाला. धुकं म्हणजे ओलाव्याने पूर्ण भरलेली हवा, पण हवा थंड आहे म्हणून तिच्यात प्रत्यक्षात पाणी थोडंच आहे. मग आपण हवं त्या तापमानाचं धुकं बनवलं तर हवेतलं पाणीही हवं तेवढंच राहील. म्हणजे थंड पाण्याचा फवारा मारून हवा कोरडी करायची! पाण्याने कोरडं करणं हे ऐकायला उलटं वाटतं, पण तांब्याचा घाम आठवला की पटतं. या यंत्राचं पेटंट त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळालं.

आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यात पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं हे काम. वरून पाणी कोसळतंय आणि आत दगडी दालनात गारवा. सहलीला नेलेल्या मुलांना हा गारवा अंगावर आठवत असतो. तिथे गारवा मिळतो, पण मोजून हवा तेवढा मिळत नाही. कॅरिअरच्या यंत्रात फरक पडला तो इथे.

कॅरिअरचं यंत्र लवकरच कापडगिरण्यांत गेलं. कोरड्या हवेत सूत तुटतं, हे सोलापूरच्या गिरण्यांत काम केलेल्या घरांना सांगायला नको. १९०७ मध्ये जपानच्या योकोहामा इथल्या रेशीम कारखान्यानेही ते घेतलं. डिसेंबर १९११ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे हवा, उष्णता आणि ओलावा यांच्या नात्याचा निबंध वाचला. त्यातला आलेख थोड्या सुधारणांसह आजही जगभरचे अभियंते वापरतात.

हा आलेख आपल्या वर्गात आणायला महागडं काही लागत नाही. दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळा. एप्रिलमध्ये धाराशिवला दुपारी कोरडा तापमापक ३८ आणि ओला २२ दाखवत असेल, तर आर्द्रता साधारण २५ टक्के. अशा हवेत कूलर छान चालतो, तो खोलीत पंचवीस-सव्वीस अंशांची हवा देऊ शकतो. पावसाळ्यात कोरडा २८ आणि ओला २६ आला, तर कूलर कितीही लावा, चिकचिकच होणार. आपला कूलर मुंबईच्या पाहुण्यांना का पटत नाही, याचं उत्तर मुलं स्वतः शोधतात.

आलेखाच्या दुसऱ्याच वर्षी, १९१२ मध्ये, पत्नी एडिथ यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि बफेलो फोर्जने वातानुकूलनाचं खातं आवरतं घ्यायचं ठरवलं. बारा-तेरा वर्षांचं काम आणि बरोबरच्या तरुण अभियंत्यांची नोकरी, दोन्ही धोक्यात. कॅरिअर, लायल आणि आणखी पाच जणांनी आपापल्या शिल्लकेतून ३२,६०० डॉलर उभे केले आणि १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. सातही जण पगारदार माणसं, घरची श्रीमंती कुणाकडे नव्हती. बुडाले असते तर सगळे एकदम बुडाले असते.

१९२२ मध्ये त्यांनी नवं, आटोपशीर आणि अमोनियाच्या विषारी वायूशिवाय चालणारं शीतयंत्र लोकांपुढे आणलं. आता गर्दीच्या जागी ते बसवता येणार होतं. १९२४ मध्ये डेट्रॉईटच्या हडसन या मोठ्या दुकानात ते बसलं. तिथे तळघरातल्या सेलच्या गर्दीत उकाड्याने गिऱ्हाइकं चक्कर येऊन पडत असत.

सिनेमागृहांचा प्रश्न मात्र यंत्राचा नव्हता, वाऱ्याच्या वाटेचा होता. सुरुवातीला थंड हवा खालून, खुर्च्यांच्या पायापाशी सोडत. थंड हवा जड, ती खालीच राहायची. लोकांचे पाय गारठायचे, काही जण पायाला वर्तमानपत्रं गुंडाळून बसायचे, आणि वर डोक्याशी उकाडा तसाच. कॅरिअरचे सहकारी लोगन लुईस यांनी वाट उलटी केली. हवा छतातून हळूच सोडायची, खोलीतलीच थोडी हवा तिच्यात मिसळायची, आणि खालच्या जाळ्यांतून परत ओढून घ्यायची. यंत्र तेच, वाट बदलली. १९२५ च्या मे महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात याची कसोटी होती. पॅरामाउंट कंपनीचे प्रमुख अडॉल्फ झुकोर स्वतः वर बाल्कनीत येऊन बसलेले. बाहेर उकाडा, लोक सवयीने हातपंखे घेऊन आलेले. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला, पंखे हलत राहिले. मग गारवा उतरू लागला तसे एकेक करत पंखे मांडीवर टेकले. कॅरिअर आणि त्यांचे सोबती प्रेक्षकांच्या मागे उभे राहून पडद्याकडे नाही, त्या पंख्यांकडे बघत होते.

हे काम आज आपल्याकडची मुलं करतात, म्हणून थोडं खोलात सांगते. आय.टी.आय. मधून ए.सी. मेकॅनिकचा कोर्स करून पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा एखाद्या मोठ्या कार्यालयात तक्रार ऐकतो, की एका कोपऱ्यात गारठा आणि दुसऱ्यात घाम. तो लगेच गॅस भरायला घेत नाही. आधी फिल्टर बघतो, धूळ असली तर हवाच अडते. मग हातातलं वेगमापक जाळीच्या तोंडाशी धरतो. एकाच जागी नव्हे, जाळीभर सात-आठ ठिकाणी, आणि सरासरी काढतो. जाळी २ फूट बाय १ फूट असेल तर क्षेत्रफळ २ चौरस फूट. वेग मिनिटाला ४०० फूट आला, तर मिनिटाला ८०० घनफूट हवा. जाळीच्या पट्ट्या थोडी जागा खातात, म्हणून जाळीच्या कंपनीने दिलेल्या आकड्याने गुणून दुरुस्ती करावी लागते. एका टनाला साधारण ४०० घनफूट असा धंद्यातला ठोकताळा आहे. सहावी-सातवीचं गणित आहे हे. भूमितीतल्या क्षेत्रफळाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण द्या.

मग येतं जुळवणं. पंख्याजवळच्या जाळीला जास्त हवा, टोकाच्या जाळीला कमी. ठिबक केलेल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मोटरीजवळच्या ओळी भरतात, टोकाच्या तहानलेल्या, म्हणून तो जवळचा कॉक थोडा आवळतो. इथे कॉकच्या जागी डॅम्पर नावाची झडप असते. जवळची झडप थोडी मिटली की टोकाला हवा वाढते, पण मग मधल्या जाळ्यांचं मापही बदलतं. म्हणून पुन्हा सगळीकडे फिरून मोजायचं. दोनतीन फेऱ्या होतात. गार लागतं म्हणून कुणी आपल्या डोक्यावरच्या जाळीत पुठ्ठा खोचतो, तेव्हा तो शेजाऱ्याचा गारठा वाढवत असतो. आणि अशा बऱ्याच जाळ्या बुजल्या, तर आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो. १९०२ मध्ये कॅरिअरनी मांडलेलं वेग आणि तापमानाचं तेच गणित.

पुढचा काळ सोपा गेला नाही. १९२९ च्या मंदीत कंपनी खिळखिळी झाली, दुसऱ्या दोन कंपन्यांशी मिळून १९३० मध्ये कॅरिअर कॉर्पोरेशन उभी राहिली आणि १९३७ मध्ये तिने सिराक्यूज गावी बस्तान बसवलं. उंच इमारतींत मोठे हवानळ न्यायला जागा नसते, म्हणून १९३९ मध्ये त्यांनी बारीक नळातून फार वेगाने हवा नेण्याची पद्धत आणली. त्याच वर्षी दुसरी पत्नी जेनी गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात साठी ओलांडलेल्या कॅरिअरकडे एक अवघड काम आलं. क्लीव्हलंडला विमानांची इंजिनं तपासण्यासाठी मोठा वाताचा बोगदा बांधला जात होता. आकाशात फार उंचावर हवा शून्याखाली कितीतरी अंश गार असते, ती हवा जमिनीवर, वादळी वेगाने वाहती हवी होती. इतकी हवा, इतक्या वेगाने, इतकी थंड आजवर कुणी केली नव्हती. ते जमलं, आणि आपल्या सगळ्या कामांत कॅरिअर याच कामाला वरचं स्थान देत. छापखान्यापेक्षा, सिनेमागृहापेक्षाही वर. त्यांच्या नावावर ऐंशीहून जास्त पेटंट आहेत.

७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत तेव्हाही साधा पंखाच होता, ए.सी. घरोघरी पोचला तो त्यानंतर. आपल्याकडे टाटा सन्स आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून मुंबईत व्होल्टास सुरू केली ती १९५४ साली. आज आपल्या बाजारपेठेत ओळीने ए.सी. लावलेली दुकानं आहेत आणि मागच्या बोळात त्यांचे पंखे गरम हवा फेकत असतात. आतली उष्णता नाहीशी होत नाही, ती बाहेर टाकली जाते. त्या बोळात एकदा मुलांना दोन मिनिटं उभं करा, हातात तापमापक देऊन, आणि आधी दुकानाच्या दाराशी काय आकडा होता तो लिहून घ्यायला विसरू नका.